काटा चढला नाही

"चढला का वं, फुला?"

रुपरावने विचारलं तेव्हा त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. एका हातातली काळी तार त्याने मोटारसायकलच्या सांगाड्याला टेकवली होती आणि दुसऱ्या हातातली लाल तार सीटखालच्या लहानशा डबीच्या दुसऱ्या बोल्टवर धरली होती. मोटारसायकलचा मालक मारोतराव हँडलवरचं बटण अंगठ्याने दाबून उभा होता. डबीतून 'टक्' असा आवाज आला होता, पण इंजिन ढिम्म होतं. तारांच्या या टोकाला, दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या मीटरसमोर पंचफुला बसली होती.

काटा चढला होता. शून्यावरून उठून थेट बारावर जाऊन उभा राहिला होता, जराही न थरथरता.

"नाई चढला," पंचफुला म्हणाली.

"पाह्य बरं नीट."

"पाह्यलं नं. नाई चढला."

रुपरावने तारा काढल्या आणि कंबर सरळ केली. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांत न दिसलेली एक चमक आली. "सोडा बटण, मारोतराव. मी म्हनलं नव्हतं? सोलेनॉइड गेला तुमचा."

एवढंच झालं. मोजून चार-सहा शब्द पंचफुला बोलली असेल.

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावावरून पुढे उमरेडकडे जाणारा रस्ता तेव्हा आजच्यासारखा गजबजलेला नव्हता. दुपारी दोन ट्रक लागोपाठ गेले तरी धूळ खाली बसायला वेळ मिळत असे. त्या रस्त्याच्या कडेला टिनाचं छप्पर घालून रुपरावने दुकान थाटलं होतं. ट्रक, जीप, मोटारसायकल, कशाचीही वायरिंग असो, बिघाड कुठे आहे हे रुपरावच सांगणार. उमरेडपासूनचे ड्रायव्हर त्याला मिस्त्री म्हणायचे, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणायचे. इतर मिस्त्री बोल्टांवर पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आडवा टाकून ठिणग्या काढायचे आणि ठिणगी पाहून निदान करायचे. रुपरावला त्याची चीड होती. "परायाची चीज हाय. जाळून पाह्याची नसते, मोजून पाह्याची असते," असं तो म्हणे. कामठीला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला होता, त्यात घेतलेला पितळी कडीचा व्होल्टमीटर हा त्याचा जीव होता.

आणि तोच त्याला दिसेनासा झाला होता.

दोन वर्षांपूर्वी सुरुवात झाली. डोळ्यांच्या मधोमध धुकं साचत गेलं. कडेकडेचं दिसायचं, रस्त्यावरचा माणूस ओळखू यायचा, पण ज्या गोष्टीवर नजर रोखावी तीच नाहीशी व्हायची. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की हे चष्म्याने जाणार नाही. त्या दिवसापासून पंचफुला दुपारचा डबा घेऊन आली की दुकानातच बसू लागली. तारा तो धरायचा, काटा ती पाहायची. कोणी विचारलं तर रुपराव सांगायचा, "माहे दोन्ही हात कामात असते नं गा. तिसरा हात कुठून आनू?" लोक हसायचे आणि विसरून जायचे. चौथीपर्यंत शिकलेल्या पंचफुलेला आकडे कळत होते. वर्षभरात त्यांचा अर्थही कळू लागला.

सोलेनॉइड म्हणजे मुठीत मावेल एवढी डबी. तिला दोन बोल्ट असतात. एका बोल्टवर बॅटरीचा करंट येऊन थांबलेला असतो. बटण दाबलं की आतली चकती उचलली जाते आणि करंट दुसऱ्या बोल्टवर जातो, तिथून स्टार्टरच्या मोटरला. बटण दाबल्यावर दुसऱ्या बोल्टवर काटा बारावर चढला तर डबी चांगली आणि रोग पुढे, मोटरमध्ये. नाही चढला तर डबीच मेली. पंचफुलेने हे शंभर वेळा पाहिलं होतं. तिला चूक झाली म्हणायलाही जागा नव्हती.

ती जपानी मोटारसायकल आली त्या दिवशी दुकानापुढे पाच-सात माणसं जमली होती. बटण दाबून चालू होणारी मोटारसायकल त्या रस्त्यावर कोणी पाहिली नव्हती. मारोतराव कन्हानकडच्या एका खाणीत कामाला होता. कोळशाच्या गाडीखाली त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला, तिथे लाकडी पाय बसवला. पुढे खाणीवर आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना आपली मोटारसायकल मारोतरावला देऊन गेला. आपल्याकडच्या बऱ्याच मोटारसायकलींना गिअरही उजव्या पायाला आणि किकही उजव्या पायाला. या गाडीला गिअर डाव्या पायाला होता. ब्रेकच्या पट्टीवर लाकडी पाय नुसता दाबला की भागायचं. किक उजवीकडेच होती, पण बटण असल्यावर किक हवी कुणाला?

"मिस्त्री, तीन वर्षं झाले," मारोतराव सांगत होता, "कोनाच्या बापाले हात नाई जोडला. बटन दाबलं की चालली गाडी. आता चार दिवस झाले, टक् करते आन् चूप बसते."

रुपरावने बटण दाबायला सांगून कान डबीजवळ नेला. दोनदा ऐकलं. "आवाज पोकळ हाय. सोलेनॉइड."

समोरच्या दुकानात लुना-राजदूत दुरुस्त करणारा नत्थू हात पुसत आला होता. त्याला गंमत हवीच असायची. "कानानंच सांगतलं का, रुपरावभाऊ? डोळे काय घरी ठेवून आले?"

माणसं हसली.

"माह्या मतानं मोटर हाय," नत्थू पुढे म्हणाला. "आना पेचकस, आता दाखोतो."

"पेचकस तुह्या राजदूतले लाव," रुपराव म्हणाला. "फुला, मीटर काढ."

आणि काटा चढला.

त्या एका क्षणात पंचफुलेच्या मनात काय आलं ते तिने पुढे कितीतरी वेळा आठवून पाहिलं. दया नव्हती, भीतीही नव्हती. डोळे तर गेलेच आहेत, आता कानही चुकला असं या माणसांसमोर याला कसं सांगायचं, एवढंच आलं. नत्थू सत्तर वेळा तेच बोलून दाखवील. आणि रुपराव हसून घेईल आणि रात्री जेवणार नाही. आत्ता नाही म्हणू, माणसं गेली की खरं सांगू, गाडी तर इथेच राहील, असा तिचा हिशेब होता.

गाडी राहिली नाही.

"मीटर काही खोटं बोलत नाई, बाप्पा," नत्थूने हात जोडले. "हारलो."

रुपराव मारोतरावला सांगत होता, "हे पाहा, तुमाले फसवत नाई. जीपचा सोलेनॉइड मी आता बसवून देईन आन् पैशे घेईन. पन तो भल्ला करंट ओढते. ही बारीक तार गरम होईन, आन् कवा सीटखाली आग लागली त? याले याचाच पार्ट पाह्यजे. मुंबई-कलकत्त्याले लिहून पाहा."

"खरं सांगतलं, हेच उपकार," मारोतराव म्हणाला. "बाकीच्यायनं लुटलं असतं."

नत्थूने एक किक मारून दिली. इंजिन फुरफुरलं. मारोतराव लाकडी पाय फिरवून सीटवर बसला, पंचफुलेकडे पाहून "येतो, वयनी" म्हणाला आणि गेला. धूळ खाली बसेपर्यंत ती मीटरची कडी पदराने पुसत राहिली.

त्या संध्याकाळी रुपराव खुशीत होता. ज्वारीच्या दोन भाकरी जास्त खाल्ल्या. "कान हाय वं अजून माहा," तो म्हणाला. "डोळ्याचं काय, तू हाय." असं म्हटल्यावर ती काय सांगणार? उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. मारोतराव पुन्हा आला नाही, म्हणजे पार्ट मिळाला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पुढे कोणाचीही गाडी आली, रुपरावने तारा धरल्या, की ती आकडा दोनदा, तीनदा सांगायची. "बारा. पुरे बारा. बाराच हाय." रुपराव वैतागून म्हणायचा, "आयकलं नं एकदा."

दोन महिन्यांनी, होळी तोंडावर असताना, शेजारच्या कांताबाईबरोबर ती गांधीबागेतल्या कापडबाजारात गेली. कांताबाईच्या पुतणीचं लग्न होतं, लुगडी घ्यायची होती. कापडाच्या पेढीवर कांताबाई एकेक घडी उलगडून बघत होती आणि पंचफुला पायरीवर बसून रस्त्याकडे पाहत होती. हातगाड्या, गाठोडी वाहणारे हमाल, सायकलरिक्षा. त्या गर्दीत मधोमध ती लाल जपानी मोटारसायकल उभी होती.

मारोतराव गाडीजवळ एका हाताने सीट धरून उभा होता. "भाऊ, एक किक मारता का जी?"

हमाल डोक्यावरच्या गाठोड्यासकट पुढे निघून गेला.

"भाऊ, अजी भाऊ. एक किक मारून द्या नं."

दुसरा थांबला. त्याने किक मारली, एक, दोन, तीन. इंजिन लागलं. मारोतराव घाईने पाय फिरवून बसू लागला, लाकडी पाय पट्टीत अडकला, गाडी हलली आणि बंद पडली. मागच्या रिक्षावाल्याने घंटीचा सपाटा लावला.

"काका, चालवता येत नाई त घेतली काहून?" किक मारणारा हसत म्हणाला.

"येते गा. येते चालवता. अजून एक मार नं, भाऊ. एकच."

"मले काम नाई का दुसरं?"

तो गेला. मारोतराव तसाच उभा राहिला. खिशातून रुमाल काढून त्याने कपाळ पुसलं, मग टाकी पुसली, जणू टाकी पुसायलाच तो थांबला होता. मग पुढच्या माणसाकडे वळून त्याच आवाजात म्हणाला, "भाऊ, एक किक..."

पंचफुला पायरीवरून उठून कापडाच्या थप्प्यांच्या आड झाली. तिला आपण लपलो हे लपल्यावर कळलं.

"काय पाहून राहिली वं?" कांताबाईने मान वळवून पाहिलं. "अवं बाई, त्याचा पाय पाह्य नं. लाकडाचा हाय. घरी बसाव नं अशा मानसानं. लोकायले तरास."

लुगडं कोणतं घेतलं, पिशवी कोणी धरली, तिला काही आठवत नाही. सक्करदऱ्याला उतरल्यावर कांताबाई घराकडे वळली आणि ही सरळ दुकानात गेली. दुपार होती. रुपराव एकटाच होता, हॉर्नची तार बोटांनी चाचपत बसला होता.

"अजी," ती उभ्यानेच म्हणाली. "त्या जपानी गाडीचा काटा चढला होता."

"कोनत्या?"

"मारोतरावच्या."

रुपरावचे हात थांबले. "किती?"

"बारा. पुरे बारा."

त्याने तार खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"मंग मोटर होती."

"हो."

"कार्बन झिजले असन. दुसरं काय होते मोटरीले." तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मोटरच्या आत करंट पोचवणारे ते कोळशाचे दोन तुकडे. झिजले की मोटर मुकी. जीपचे जुने तुकडे घासून तो ते कोणत्याही मापाचे करून देत असे. "अर्ध्या घंट्याचं काम होतं वं, फुला."

ती खाली बसली.

"काहून नाई सांगतलं?"

"तुमी बोलून गेले होते. चार मानसायत."

"त मी चुकलो असतो. नत्थू हासला असता. हासू दे नं. तो त रोजच हासते." त्याचा आवाज चढला नव्हता, हेच तिला सोसवत नव्हतं. "आन् त्या मानसाले मी ग्यान सांगतलं. आग लागन म्हनलं. याचाच पार्ट पाह्यजे म्हनलं."

"मी उद्या जातो त्याच्या घरी. सांगतो सारं," ती म्हणाली.

रुपराव मीटरच्या दिशेने पाहत होता. मग जरा मान वळवली, कडेच्या नजरेने तो दिसावा म्हणून.

"आता मी कोनाच्या डोळ्यानं पाहू, हे सांग," तो म्हणाला.

त्याने खालचा डबा ओढला, चाचपून जीपचे दोन जुने कार्बन काढले आणि कानस घेतली. त्या दिवशी तार लावायची जागा शोधताना मोटर त्याने बोटांनी चाचपली होती, त्यावरून तो मापाचा अंदाज करत होता. घासायचा, अंगठ्याने माप घ्यायचा, पुन्हा घासायचा. काळी भुकटी मांडीवर पडत होती. दिवस कलला तेव्हा त्याने दोन तुकडे कागदाच्या पुडीत बांधून तिच्यासमोर ठेवले. "तूच जा. मी आलो त तुले बोलता येनार नाई. म्हन, गाडी घेऊन या, उभ्या उभ्या बसवून देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामठीवरून कन्हानचा पूल ओलांडून ती उतरली तेव्हा ऊन तापू लागलं होतं. लाकडी पायवाला मारोतराव म्हटल्यावर घर लगेच सापडलं. स्टँडपासून फार दूर नव्हतं, तिच्या पायांनी पाच मिनिटं. अंगणात बाजेवर तो बसला होता. लाकडी पाय काढून बाजेला टेकवून ठेवला होता. तिला पाहताच त्याने धोतर ओढून तुटका पाय झाकला.

"वयनी! अरे, या नं. भागीरथा, पाह्य कोन आलं. सक्करदऱ्याच्या मिस्त्रीची घरवाली. पानी आन."

त्याची बायको भागीरथा लोटा घेऊन आली. मारोतराव तिला सांगू लागला, "मी म्हनलं नव्हतं तुले, एकच मानूस सरळ बोलला? याचाच पार्ट पाह्यजे, दुसरा बसवत नाई, म्हने. बरे हायत नं मिस्त्री?"

पंचफुलेने अंगणात नजर फिरवली. भिंतीलगत टिनाची एक पडवी होती. आत तेलाचा काळा डाग होता आणि डागाच्या दोन्ही बाजूंना दोन विटा. गाडी नव्हती.

"गाडी?" तिने विचारलं.

"इकून टाकली जी. काल सांजेलेच. छिंदवाड्याच्या ठेकेदाराच्या पोरानं नेली." तो हसला. "मुंबईचं उत्तर आलं, पार्ट येत नाई म्हने इकडे. आन् दर बखत कोनाले किक मागाव? काल गांधीबागेत त..." तो थांबला. "जाऊ द्या."

पंचफुलेने पाण्याचा लोटा तसाच खाली ठेवला आणि सांगितलं. काही न गाळता सांगितलं: रुपरावचे डोळे, नत्थूचं हसणं, काटा कुठे गेला होता आणि ती काय म्हणाली. गांधीबागेतल्या थप्प्यांमागे ती उभी होती, हेही सांगितलं. मग पुडी सोडून ते दोन तुकडे बाजेवर ठेवले.

मारोतरावने एक उचलला. बोटाच्या नखाएवढा काळा तुकडा. उलटासुलटा करून पाहिला.

"एवढसंच?" तो म्हणाला.

"बाई, तुमाले काही वाटलं नाई?" भागीरथेचा आवाज फाटला. "दोन महिने रस्त्यावर लोकायचे हातपाय जोडले यायनं. आता ट्रकवाल्याच्या मांग लागून जा लागन खानीत. पह्यले कसे जाये..."

"चूप वं," मारोतराव म्हणाला.

"काहून चूप? इनं तोंड उघडलं असतं त..."

"चूप म्हनलं नं." त्याने तुकडा पुडीत परत ठेवला आणि पुडी नीट बांधली. मग पंचफुलेला विचारलं, "मिस्त्रीले काहीच दिसत नाई का?"

"मधातलं नाई दिसत."

"कवापासून?"

"दोन वर्षं झाले."

"मंग तुमी बोलले ते... " तो अडला. माफीचा शब्द त्याने काढला नाही, आणि तिनेही मागितला नाही. "मिस्त्रीच्या जागी मी असतो त माही बाई हेच बोलली असती का, काय मालूम," असं म्हणून त्याने भागीरथेकडे पाहिलं. भागीरथा पदर तोंडाला लावून आत गेली.

पंचफुला उठली. "येतो मी."

"थांबा. स्टँडपर्यंत येतो."

"नोका जी. मले वाट माहीत हाय."

"घरी आलेल्या बाईले अंगनातूनच निरोप द्याची चाल नाई आमची." त्याने लाकडी पाय ओढला, पट्टे बांधायला वाकला. तिने मदतीसाठी हात पुढे केला तसा त्याने नुसती मान हलवली. पट्टे बांधायला बराच वेळ गेला. ती उन्हात उभी राहिली.

मग त्याने बाजेजवळची काठी घेतली आणि ते निघाले. तो आधी काठी पुढे टाकायचा, मग लाकडी पाय फिरवून आणायचा, मग चांगला पाय. पंचफुला एक पाऊल टाकायची आणि थांबायची. पाच मिनिटांच्या त्या वाटेवर नागपूरची एक बस त्यांच्या देखत आली आणि त्यांच्या देखत गेली. त्याने हात वर केला नाही, तिनेही केला नाही. वाटेत कोणीतरी बिडी ओढत विचारलं, "कुठे, मारोतराव? गाडी कुठे गेली?" तो म्हणाला, "पाव्हनीले पोचवून येतो."

स्टँडवर दुसरी बस आली तेव्हा त्याने घामाने भिजलेल्या हाताने दार धरून ठेवलं, ती चढेपर्यंत. "मिस्त्रीले रामराम सांगजा," म्हणाला.

ती खिडकीपाशी बसली. कंडक्टरने घंटी वाजवली. मारोतराव परत जायला वळत होता. वळायलाही त्याला तीन हालचाली लागत होत्या. बस पुलावर चढली, तरी तो स्टँडसमोरचा रस्ता ओलांडून झाला नव्हता. एक बैलगाडी त्याच्यासाठी थांबली होती आणि गाडीवाल्याने थांबू नये म्हणून तो हाताने त्याला पुढे जायला सांगत होता.